वाचवलेलं पाणी गेलं कुठे?



'पाणी वाचवा' हा निबंध तुम्ही शाळेत कधी ना कधी लिहिलाच असेल. मी तर तो दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. त्यात एक वाक्य हमखास असतं : 'ठिबक सिंचनामुळे पाण्याची बचत होते.' वाक्य बरोबर आहे आणि मी त्याला गुणही देतो. पण गेली काही वर्षं हे वाक्य आलं की माझा लाल पेन थोडा थांबतो. का थांबतो, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. यात माझ्या घरची एक गोष्ट आहे, आणि ती फार अभिमानानं सांगावी अशी नाही.

आमचं गाव अहिल्यानगर जिल्ह्यातलं, पर्जन्यछायेतलं. पाऊस बेताचा, तोही लहरी. बदल्या होत होत माझी नोकरी शेवटी गावातल्याच शाळेत आली. शेती मोठा भाऊ, म्हणजे दादा बघतो. सहा एकर जमीन आणि मध्यभागी आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, १९७२ च्या दुष्काळानंतर खोदलेली विहीर. खोली चाळीस फूट.

विहीर म्हणजे भूगोलाचं उघडं पुस्तक

लहानपणी आम्ही विहिरीत पोहायला शिकलो. तेव्हा कडेच्या दगडांकडे बघायचं सुचलं नाही. आता मुलांना काठावर नेऊन दाखवतो. सगळ्यात वर काळी माती. तिच्याखाली पिवळसर मुरूम. मग बारीक भोकांचा, ठिसूळ मांजऱ्या दगड. आणि तळाला काळा कातळ. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग अशाच बेसाल्ट खडकानं झाकलेला आहे. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो बनला.

आपल्याला वाटतं की जमिनीखाली मोठी नदी किंवा तळं असतं. तसं काही नसतं. मुरमाच्या कणांमधल्या फटी, मांजऱ्या दगडाची भोकं, कातळाच्या भेगा यांत जेवढं पाणी मावतं तेवढंच आपलं. या पाणी धरणाऱ्या थराला जलधर म्हणतात. आपल्या खडकात उपसून मिळण्यासारखं पाणी फार थोडं असतं, साधारण १ ते ३ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आण्णांच्या वेळी विहिरीवर आधी मोट होती, मग इंजिन आलं, मग विजेची मोटर. मोटेच्या बैलांना दमायला व्हायचं, म्हणून विहिरीलाही विसावा मिळायचा. मोटर दमत नाही. लाइट आहे तोवर ती ओढतच राहते.

ठिबक आलं

दादानं पहिल्यांदा ठिबक केलं ते एक एकर डाळिंबाला. पुढाकार माझाच होता. अनुदानाची माहिती मी काढली, कागदपत्रं मी जुळवली. त्याआधी आम्ही पाटानं पाणी देत होतो. रात्री लाइट आली की दादा बॅटरी घेऊन दारं धरायला जायचा. पाणी पाटात मुरायचं, वाफ्यात साचायचं, उन्हात उडून जायचं. ठिबकमुळे थेंब थेंब पाणी थेट मुळाशी पडायला लागलं. तण कमी झालं, खत वाचलं, रात्रीचं जागरण गेलं. मोटर पूर्वीच्या निम्मा वेळसुद्धा चालवावी लागेना.

मी खूश होतो. शाळेत तक्ता लावला. शिक्षक-पालक सभेत भाषण केलं. 'आमच्या शेतात बघा, निम्मं पाणी वाचलं,' असं मी छाती काढून सांगायचो. माझं ऐकून गावात आणखी चार-पाच जणांनी ठिबक केलं.

पुढच्या वर्षी दादा म्हणाला, "पाणी उरतंय, तर अजून एकर लावू." त्यात गैर काय? पोरांची शिक्षणं होती, घराचं काम काढलं होतं. एकाचे दोन एकर झाले, दोनाचे तीन. उरलेल्या जमिनीत उन्हाळी चारा आला. ज्या जमिनीत पूर्वी फक्त पावसावरची बाजरी किंवा रब्बीची ज्वारी व्हायची, तिथे बारमाही बाग उभी राहिली. ज्यांनी ज्यांनी ठिबक केलं, त्या सगळ्यांचं असंच झालं.

आणि पूर्वी एप्रिलपर्यंत पुरणारी विहीर फेब्रुवारीत तळ दाखवू लागली.

तेव्हा मला हे कोडं उलगडलं नाही. दर एकरी पाणी कमी लागत होतं, हे तर डोळ्यांना दिसत होतं. मग वाचलेलं पाणी गेलं कुठे?

मी पैसे दिले

बाग वाळायला लागली तेव्हा दादानं बोअर मारायचं ठरवलं. निम्मे पैसे मी दिले, पगारातून. पाणाड्यानं हातात नारळ घेऊन जागा दाखवली. गाडी रात्री आली. धुरळा उडाला, मग चिखल उडाला, आणि पहाटे दोन इंच पाणी लागलं. आईनं गाडीवाल्यांना चहा-पोहे दिले. मीही पेढे वाटले.

बांधाला लागून ज्या काकूंचं रान आहे, त्यांची विहीर आमच्याहून उथळ, तीस फुटांची. काकूंचे यजमान वारले आहेत. मुलगा कामासाठी बाहेर असतो, घरी सून आणि एक नात. त्या विहिरीवर एक म्हैस, थोडा घास आणि घरचा भाजीपाला एवढंच होतं. त्यांनी ना ठिबक केलं, ना बाग वाढवली. आमचं बोअर सुरू झालं त्या उन्हाळ्यात त्यांची विहीर कोरडी पडली. त्याआधी दुष्काळातसुद्धा तिच्या तळाला हंडाभर पाणी असायचं.

काकू मला लहानपणापासून नावानं हाक मारायच्या. त्या दिवशी रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या बोअरला पाणी लागलं, बरं झालं. आमच्या हिरीला काय झालं तेवढं बघा."

मी काहीतरी बोललो. यंदा पाऊसच कमी आहे, असं काहीसं. पण त्यांच्या तोंडचं ते 'गुरुजी' मनात रुतून बसलं.

दोरी ओली झाली नाही

त्याच सुमारास सातवीच्या वर्गाला मी एक उपक्रम दिला होता. दर महिन्याच्या एक तारखेला गावातल्या सहा विहिरींची पाणीपातळी मोजायची. साधन साधं : दोरीला फूट-फूट अंतरावर गाठी, खाली दगड. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय काठावर जायचं नाही, हा नियम. वहीत तारीख, विहीर आणि काठापासून पाण्यापर्यंतची खोली लिहायची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, मोजते. आपण गावापुरतं तेच करू, असं मुलांना सांगितलं होतं.

काकूंची नात त्याच वर्गात होती. त्यांच्या विहिरीची पाळी आली तेव्हा दोरी तिच्याच हातात होती. ती म्हणाली, "गुरुजी, दोरी तळाला लागली. ओली झाली नाही. काय लिहू?"

बाकीची मुलं गप्प झाली. मी म्हणालो, "कोरडी, असं लिही."

तिनं 'कोरडी' लिहिलं. बांधापलीकडे आमची मोटर चालू होती, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

गणित मांडून पाहिलं

त्या रात्री मी तेच कोडं घेऊन बसलो. तुम्हीही माझ्याबरोबर करा, पाचवीचंच गणित आहे.

एक एकर जमिनीवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४,००० लिटर. समजा, एखाद्या पिकाला हंगामभर ४०० मिमी पाणी लागतं. मग एका एकराला १६ लाख लिटर लागले.

आता मघाचा टक्केवारीचा आकडा आठवा. खडकात उपसून मिळणारं पाणी २ टक्के धरू. म्हणजे जमिनीखालची पातळी १ मीटरनं उतरली, तर प्रत्यक्ष हाती आलेल्या पाण्याचा थर फक्त २० मिमी. एका एकराखालून १ मीटर पाणी काढलं, तर मिळाले फक्त ८०,००० लिटर.

१६ लाखांना ८० हजारांनी भागा. उत्तर २०. याचा अर्थ एक एकर पीक निव्वळ भूजलावर काढायचं, तर २० एकरांखालची पातळी १ मीटरनं खाली जाते. आणि आमची सगळी जमीन आहे सहा एकर! तीन एकर बागेचं पाणी आमच्याच जमिनीखालून येणं शक्यच नव्हतं. ते चहूबाजूंनी, शेजाऱ्यांच्या बांधाखालून ओढलं जात होतं. बोअर कातळात उतरताना वरचा मुरमाचा आणि मांजऱ्या दगडाचा थर भेदून जातं. केसिंग पाइप थोड्याच खोलीपर्यंत असतो. उथळ विहिरींना पाणी पुरवणारा थर मग त्याच भोकातून खाली झिरपतो आणि वरच्या विहिरी आधी आटतात.

आणखी एक गोष्ट त्या रात्री कळली. आम्ही पाटानं पाणी देत होतो तेव्हा जे 'वाया' जायचं, ते सगळं वाया जात नव्हतं. उन्हात उडालं ते गेलं, हे खरं. पण जे मुळांच्याही खाली मुरलं, ते पुन्हा मुरमात उतरून कुणाच्या तरी विहिरीत पाझरत होतं. ठिबकनं तो पाझर थांबवला. तो थांबवून राखलेलं पाणी आम्ही जमिनीखाली ठेवलंच नाही, नव्या बागेला घातलं. झाडानं ते प्यायलं आणि पानांतून हवेत सोडलं. कोड्याचं उत्तर हे होतं : पाणी शेतात वाचलं होतं, जमिनीत नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही

मला वाटलं, हा आपल्याच लोकांचा हावरेपणा असेल. शोधायला लागलो तर अमेरिकेत हेच सापडलं. तिथे मैदानी प्रदेशात आठ राज्यांखाली ओगालाला नावाचा जलधर पसरलेला आहे, महाराष्ट्राच्या जवळपास दीडपट. त्याच्यावर मका, गहू, कापूस होतो आणि अनेक भागांत त्याची पातळी वर्षानुवर्षं खाली चालली आहे. कान्सस राज्यात शेतकऱ्यांना सुधारित तुषार संचांसाठी अनुदान दिलं गेलं. या संचांच्या तोट्या पिकाच्या जवळ खाली सोडलेल्या असतात, त्यामुळे पाणी वाऱ्यानं आणि उन्हानं कमी उडतं. लिसा फायफर आणि सिंथिया लिन या संशोधकांनी त्या काळातल्या उपशाच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष काय? उपसा कमी झाला नाही, उलट थोडा वाढला. शेतकरी जास्त पाणी पिणाऱ्या पिकांकडे वळले होते.

पण त्याच राज्यात दुसरीही गोष्ट घडली. शेरिडन-६ नावाच्या भागातल्या शेतकऱ्यांनी स्वतः एकत्र येऊन मर्यादा मागून घेतली. २०१३ पासून ५ वर्षांत मिळून ५५ इंच पाणी, त्याहून जास्त नाही. कोणत्या वर्षी किती वापरायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. मीटरवर मोजमाप, आणि नियम सगळ्यांना सारखा. उपसा २० टक्क्यांहून अधिक घटला आणि शेतकऱ्यांचा नफा बुडाला नाही. मुदत संपल्यावर त्यांनी तीच व्यवस्था पुढे चालू ठेवली. यंत्रं त्यांच्याकडे आधीही होती. नवीन होती ती फक्त सगळ्यांनी मिळून आखलेली रेघ.

एवढ्या लांब जायचीही गरज नव्हती, म्हणा. आमच्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथे सरपंच झाले. माथ्यावर चर, नाल्यांवर बंधारे, झाडं ही कामं तर झालीच. ती बघायला लोक जातात आणि फोटो काढतात. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा पाण्याचा ताळेबंद. किती पाऊस झाला ते मोजायचं. विहिरींत किती पाणी आहे ते बघायचं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. उरलेल्या पाण्यात कोणती पिकं बसतात, ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी तर पिकंही बेताची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळीसारखी तहानलेली पिकं नाहीत.

त्याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. नियम असा की पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणसांच्या मापानं मिळेल : माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी.

कायदाही आहे. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला. अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर घ्यायला त्यात मनाई आहे. पण रात्री येणाऱ्या प्रत्येक बोअरच्या गाडीमागे कायदा धावू शकत नाही. ती गाडी बोलावणारे आपणच असतो. मीही होतो.

दादाशी बोलणं

गेल्या वर्षी बोअरचं पाणी कमी झालं. दादा म्हणाला, "चारशे फूट जाऊ. तू निम्मे घाल." मी वही काढली. मुलांनी केलेल्या नोंदी आणि माझं वीस एकराचं गणित त्याच्यापुढे ठेवलं.

दादा चिडला. "तुला महिन्याच्या एक तारखेला पगार येतो," तो म्हणाला. "माझा पगार त्या झाडांवर लागतो. मी नाही मारलं बोअर, तर शेजारचा मारणार. पाणी काय माझ्यासाठी थांबणार आहे का?"

मित्रहो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण दादाचं म्हणणं खरं आहे. एकट्यानं पाणी राखलं, तर ते दुसऱ्याच्या मोटरला मिळतं. कंजूष शेजारी आणि उधळा शेजारी एकाच हंड्यातून पीत असतील, तर कंजूष बिचारा तहानलेलाच राहणार. म्हणून 'मी ठिबक केलं, माझं कर्तव्य संपलं' हे पुरत नाही. आणि म्हणूनच 'तू एकटा थांब' असं दादाला सांगायचा मला अधिकार नाही.

मी एवढंच म्हणालो, "चारशे फुटाला मी पैसे देणार नाही. पण ओढ्याकडेच्या सगळ्यांना एकदा बोलावू. तू बस, मी बसतो, काकूंनाही बोलावू."

बैठक शाळेच्या व्हरांड्यात झाली. अकरा घरांपैकी सात आली. मुलांनी फळ्यावर सहा विहिरींचा आलेख काढला होता. भांडणं झाली, जुनी उणीदुणी निघाली. शेवटी दोन गोष्टी ठरल्या : यंदा नवीन बोअर कुणी मारायचं नाही, आणि नवी बाग न लावता रब्बीला हरभरा आणि ज्वारी घ्यायची. दादानं तिसऱ्या एकरातली जुनी, रोगट झाडं काढली. खुशीनं काढली, असं मी म्हणणार नाही. चार घरं आलीच नाहीत, त्यातल्या एकानं दिवाळीनंतर बोअर मारलंच.

काकूंच्या विहिरीला यंदा जानेवारीत सहा फूट पाणी होतं. पाऊस बरा झाला म्हणून की आमच्या ठरावामुळे, हे एका वर्षावरून सांगता येत नाही, आणि तसं सांगितलं तर मी मुलांना चुकीचं विज्ञान शिकवेन. आणखी चार-पाच वर्षांच्या नोंदी लागतील. काकूंची नात आता नववीत आहे. ती दर महिन्याला वही मागून घेते आणि आपल्या विहिरीचा आकडा स्वतः लिहिते.

म्हणून सांगतो, निबंधात ते वाक्य जरूर लिहा, पण अर्ध्यावर सोडू नका. 'ठिबक सिंचनामुळे पाण्याची बचत होते' याच्यापुढे एक वाक्य जोडा : 'आणि ती बचत सगळ्यांनी मिळून जमिनीत ठेवली, तरच ती बचत.' लाल पेन थांबणार नाही.

करून पाहा

१. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन घराजवळच्या एका विहिरीची पातळी दर महिन्याच्या एक तारखेला मोजा. निदान एक वर्ष नोंद ठेवा.

२. आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी ही विहीर कोणत्या महिन्यापर्यंत पुरायची?

३. तुमच्या गावाचं क्षेत्रफळ १,००० हेक्टर आणि पाऊस ४०० मिमी धरला, तर गावावर एकूण किती लिटर पाणी पडतं? (१ हेक्टरवर १ मिमी पाणी म्हणजे १०,००० लिटर.) उत्तर ४०० कोटी लिटर येतं का बघा. त्यातलं किती उडून जातं, किती वाहून जातं आणि जमिनीत मुरायला किती उरतं, यावर वर्गात चर्चा करा.

४. तुमच्या विहिरीचं पाणी कोणाकोणाच्या बांधाखालून येत असेल? त्या सगळ्यांची नावं लिहून काढा. पाण्याच्या बैठकीला बोलवायची माणसं तीच.